समोरच तर दिसतंय!

दहा मिनिटं! दहा मिनिटं म्हणाला होता हो तो! "बाबा, स्टेशनवरून गाव दहा मिनिटांवर आहे." आता मला सांगा, सिंगापुरात बिशानला राहणाऱ्या माणसाला दहा मिनिटं म्हणजे काय वाटणार? दहा मिनिटंच वाटणार ना? बिशान एमआरटीच्या, म्हणजे मेट्रोच्या गेटातून बाहेर पडलो, छप्पर असलेल्या वाटेनं निघालो, पाऊस असो नाहीतर ऊन, डोक्यावर थेंब नाही, मग लिफ्ट, सातवा मजला, किल्ली... नऊ मिनिटं चाळीस सेकंद! मोजलंय मी. उरलेले वीस सेकंद चपला काढायला. आणि ह्याच घरात वाढलेला मुलगा मला इटलीतून फोनवर सांगतो, दहा मिनिटं. वर आणखी म्हणतो, "चुकणारच नाही बाबा तुम्ही. स्टेशनबाहेर पडलात की गाव समोरच तर दिसतंय!"

बसा, बसा ना. नीता चहा टाकतेय. नाही, त्या भिंतीवरच्या फोटोकडे आत्ता बघू नका, आधी माझ्याकडे बघा. जो येतो तो पहिला त्या फोटोसमोर जाऊन उभा राहतो आणि म्हणतो, "वा, डोंगर छान आहे." डोंगर छान आहे! मी तिथेच येतोय, पण क्रमानं येऊ द्या. मी तांजोंग पगारच्या ऑफिसात अठरा वर्षं लोकांच्या प्रोजेक्टचे प्लॅन तपासतोय, मला अधेमधे उडी मारलेली चालत नाही.

तर अमेय. आमचा मोठा. आर्किटेक्ट झाला, पुढे शिकायला इटलीला गेला, तिथेच नोकरी लागली आणि तिथेच ओर्नेला भेटली. मुलगी गुणाची आहे, माझी मुलीबद्दल काही म्हणजे काही तक्रार नाही. तक्रार आहे ती तिच्या गावाबद्दल. गावाचं नाव मोंतेग्रुमो. डोंगराच्या पार टोकावर बसलेलं आहे. का? तर म्हणे सातशे वर्षांपूर्वी शत्रू यायचा. अहो, शत्रू गेला ना? मग खाली या की आता! नाही येत. आणि लग्न म्हणे त्याच गावात करायचं. दोन हजार सोळाचा सप्टेंबर, शनिवार. साडेअकराला नगरपालिकेत सह्या, आणि अकरा बावन्नला आपल्या पद्धतीनं. नगरपालिकेसमोर तटावर एक मोठी गच्ची आहे, तिथे अंतरपाट, मंगलाष्टकं, अक्षता, सगळं. मुहूर्त चिंचवडच्या निशिकांत गुरुजींनी काढून दिलेला, इटलीच्या घड्याळाप्रमाणे. मी दोन वेळा तपासून घेतला.

ओर्नेलाचे वडील बिचारे म्हणाले, गाडी पाठवतो. आपल्याकडे वराच्या बापाला घ्यायला गावाच्या वेशीवर येतात, सीमांतपूजन करतात, पाय धुतात. तो माणूस न सांगता घ्यायला यायला तयार होता. आणि मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "नको, नको, कशाला त्रास! आम्ही सिंगापूरचे लोक. आम्ही पब्लिक ट्रान्सपोर्टनं येऊ."

आमची धाकटी गार्गी तीन दिवस आधीच भावाकडे जाऊन बसली होती. तिचा तिच्या सिंगापुरी इंग्रजीत मेसेज आला, "पपा, जस्ट टेक टॅक्सी लाह. व्हाय सो डिफिकल्ट?" मी उत्तर दिलं, तू अभ्यास कर. आता लग्नाच्या दिवशी कसला अभ्यास, पण दिलं.

आम्ही उतरलो होतो फ्लोरेन्सला. सकाळची गाडी पकडली आणि नऊ वीसला मोंतेग्रुमो स्टेशनला उतरलो. एक मिनिटसुद्धा उशीर नाही! मी नीताला म्हटलं, बघ. दोन तास दहा मिनिटांचा बफर आहे. नीता पैठणीत. नथ, गजरा, अंबाडा, सगळं फ्लोरेन्सच्या हॉटेलात पहाटे उठून केलेलं. आणि माझ्या पाठीवर सॅक. सॅकमध्ये काय काय? अक्षतांची पिशवी. नीताचा फोन, कारण पैठणीला खिसा नसतो. आणि अंतरपाट. साधासुधा नाही हं, आमच्या दोघांच्या लग्नातला. तीस वर्षं जपून ठेवलेला. ह्याच अंतरपाटाच्या पलीकडे नीता उभी होती आणि मी अलीकडे. माझ्या मनात एवढंच होतं, की पोरगा बोहल्यावर उभा राहील तेव्हा ह्या कापडाचं एक टोक माझ्या हातात असावं. मामानं धरायचं असतं म्हणतात, पण मामा चिंचवडला, त्यामुळे तो मान मी आधीच मागून घेतलेला. तीस वर्षांत दुसरं काही मागितलं नव्हतं हो मी.

तर स्टेशनबाहेर आलो. मान वर केली. आणि खरंच... ते काय! गाव! तट, घरं, घंटेचा मनोरा, मनोऱ्यावरचं घड्याळसुद्धा. पण कुठे? वर! मान मागे टाकली तर टोपी पडेल इतकं वर! नीता म्हणाली, "अहो, हे गाव तर आभाळात आहे." मी म्हटलं, "असू दे गं. समोरच तर दिसतंय!"

स्टेशनात माणूस नाही. खिडकी बंद. माहितीचा बोर्ड आहे, त्यावर लग्न झालेल्या, हरवलेल्या आणि मेलेल्या लोकांचे कागद चिकटवलेत, बसचं काही नाही. शेवटी एक खांब सापडला, त्यावर वेळापत्रक. नऊ चाळीस, दहा चाळीस, अकरा चाळीस. तासाला एक बस! बिशानला तीन मिनिटं बस आली नाही तर आम्ही घड्याळ बघतो! पण ठीक आहे, नऊ चाळीसला बस आली. निळी, छोटी. चालवणारे मिशीवाले गृहस्थ, ब्रूनो. नाव मला नंतर कळलं, पुष्कळच नंतर. मी नीताला पुढे घातलं, ऐटीत चढलो आणि सवयीनं... काय केलं असेल? खिशातलं सिंगापूरच्या बसचं ईझी-लिंक कार्ड काढलं आणि तिथल्या पिवळ्या डब्याला टेकवलं! टिट वाजेना. परत टेकवलं. उलटं करून टेकवलं. ब्रूनो माझ्याकडे बघतोय, एखादा माणूस टपालपेटीला विडा देताना बघावा तसा.

"बिल्येत्तो," म्हणाला. तिकीट. मी पैसे पुढे केले. "नो, नो!" बोट हलवलं आणि लांब दाखवलं. तिकीट बसमध्ये मिळत नाही. ते कुठे मिळतं? तर रुळांच्या पलीकडे सिगारेटच्या दुकानात! म्हटलं, मी सिगारेट ओढत नाही, ही तर अजिबातच नाही. पण नियम म्हणजे नियम, आणि नियमाबद्दल मी कधी वाद घालत नाही. मी शांतपणे नीताला खाली उतरवलं, आणि आमच्या दोन सीटांवर टिश्यूचं पाकीट ठेवलं.

हसताय कशाला? तुम्ही ठेवत नाही? आमच्याकडे हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाऊगल्लीत, टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलं की टेबल आपलं, मग खुशाल जाऊन रांगेत उभं राहा, कोणी हात लावत नाही. ब्रूनोला मी खुणेनं सांगितलं, ही आमची जागा, दोन मिनिटांत येतो. त्यानं मान हलवली. आता त्याच्या मान हलवण्याचा अर्थ काय, हे मला कुठे ठाऊक!

रुळांखालून भुयार, भुयारातून पलीकडे, पलीकडे दुकान. दुकान कसलं, तिथे कॉफी, सिगारेट, लॉटरी, तिकीट, सगळं एकाच माणसाकडे. आणि त्याच्यासमोर एक आजी उभी. टोमॅटोची पिशवी खाली ठेवलेली, आणि ती त्या माणसाला आपल्या गुडघ्याबद्दल सांगतेय. भाषा कळत नव्हती, पण गुडघा कळत होता. दाबून दाखवत होती, वाकवून दाखवत होती. मी तिच्या मागे रांगेत उभा राहिलो. एक जण आला, बाजूनं ओरडला, कॉफी घेऊन गेला. दुसरा आला, सिगारेट घेऊन गेला. तिसरा आला, लॉटरी खरवडून हरला, आजीला गुडघ्यावर उपाय सांगितला आणि गेला. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की त्या दुकानात रांग अशी नव्हतीच. रांग म्हणजे मी एकटाच होतो!

तिकिटं घेऊन भुयारातून धावत वर आलो, तर बस नाही. नीता एकटी उभी. म्हणाली, "गेली." म्हटलं, "आणि टिश्यू?" म्हणाली, "ते गेलं वर. ते पोचेल वेळेवर."

तुम्हाला सांगतो, अशा वेळी माणसानं शांत राहायचं असतं. मी म्हटलं, टॅक्सी. खांबावर एकच नंबर होता, लावला. पलीकडून माणूस इंग्रजीत म्हणतो, "सॉरी सर, टुडे नो टॅक्सी. टुडे आय गो टु वेडिंग. माय कझिन ओर्नेला!" अहो, त्याच लग्नाला! मी ओरडलो, अरे मी नवऱ्या मुलाचा बाप! तो म्हणाला, "ब्राव्हो! काँग्रॅच्युलेशन्स!" आणि ठेवला की हो फोन!

नीता म्हणाली, "अमेयला फोन करा, ते गाडी पाठवतील." आणि इथे, इथे माझं चुकलं, मी मान्य करतो. मी म्हटलं, "नको. आपणच नाही म्हटलंय, आता कुठल्या तोंडानं मागायची? चालत जाऊ. नकाशात पावणेदोन किलोमीटर दाखवतोय. आणि... समोरच तर दिसतंय!"

निऱ्या हातात धरून नीता निघाली. रस्ता गावाच्या दिशेनं शंभर पावलं गेला आणि डावीकडे वळला. गाव उजवीकडे. पुढे उजवीकडे वळला, गाव मागे. वीस मिनिटं चाललो, घाम, धूळ, द्राक्षांचे मळे, एक कुत्रं आमच्याकडे बघून आळोखेपिळोखे देतंय, आणि गाव होतं तेवढंच लांब! नीता एका दगडावर बसली. म्हणाली, "अहो, आपल्याकडे उबीन बेटावर जाताना तरी बारा माणसं जमली की बोट सुटते. इथे आपण किती माणसं जमवायची?" म्हटलं, "तसं नाही गं." म्हणाली, "वरमाय आहे मी. वरमायीला लोक पायघड्या घालतात. तुम्ही मला डोंगर चढायला लावलाय." परत फिरलो.

दहा चाळीसची बस आली. तीच निळी, तोच ब्रूनो. आणि तुम्हाला खोटं वाटेल, आमच्या दोन्ही सीट रिकाम्या! टिश्यूचं पाकीट जागच्या जागी! वर जाऊन आलं, पण कोणी हात लावला नव्हता. मी नीताला म्हटलं, बघ, चांगली पद्धत जगात कुठेही चालते. तिकीट पिवळ्या डब्यात घातलं, खट्ट झालं, शिक्का पडला. बसलो. आणि मग वळणं सुरू झाली. एक वळण, दुसरं वळण, नीताच्या तोंडात लिमलेटची गोळी, डोळे मिटलेले, तिसरं, चौथं, खाली दरी, वर गाव, सातवं, आठवं... आणि बरोबर अकराला बस गावाच्या दगडी वेशीपाशी थांबली. अकरा वाजता! अर्धा तास हातात! माझी छाती अशी फुगली म्हणून सांगू. नीता पुढच्या दारानं उतरली. तिनं वळून माझ्याकडे बघितलं, आणि सकाळपासून पहिल्यांदा हसली.

आणि मी... आता हसायचं नाही हं.

मी उतरणार होतो. एक पाय पायरीवर होता माझा. आणि मनात आलं, टॅप-आउट!

अहो, अठरा वर्षं! अठरा वर्षं बसमधून उतरताना कार्ड टेकवल्याशिवाय उतरलेलो नाही मी! नाही टेकवलं तर शेवटच्या स्टॉपपर्यंतचं भाडं कापतात. हात आपोआप वर जातो. एकदा तर लिफ्टमधून बाहेर पडताना मी लिफ्टच्या दाराला कार्ड टेकवलं होतं, नीता साक्षीला आहे. माझं डोकं सांगत होतं, पद्माकर, ही इटली आहे, उतर. पण हात ऐकेना! वाटलं, चढताना शिक्का मारला, तर उतरताना मारायला नको? परक्या देशात, पोराच्या लग्नाच्या दिवशी नियम मोडायचा? पिवळा डबा होता मागे. पळत मागे गेलो, तिकीट घातलं. आधीच शिक्का मारलेलं तिकीट ते, डबा घेईना. उलटं घातलं. अडकलं. ओढतोय, निघेना, ओढतोय... आणि मागे आवाज झाला. फुस्स. दारं बंद. बस निघाली!

"स्टॉप! स्टॉप! थांबवा! ओ भाऊ!" मराठीत, हिंदीत, इंग्रजीत, येतील त्या भाषांत ओरडलो. ब्रूनो आरशातून बघतो आणि वळण दाखवतो. वळणावर थांबायला बंदी आहे! अरे, एक माणूस भेटला सबंध गावात नियम पाळणारा, तो नेमका हा? मागच्या काचेला तोंड लावून बघितलं. वेशीच्या दगडी कमानीखाली नीता, जांभळी पैठणी, एक हात वर केलेला... लहान होत गेली, लहान होत गेली. तिच्याकडे फोन नाही. फोन माझ्या पाठीवर. अंतरपाट माझ्या पाठीवर. अक्षता माझ्या पाठीवर. आणि मी उतारावर!

खाली स्टेशन, अकरा वीस. दारं उघडली. मी ब्रूनोचे हात धरले. फोनमधला अमेय-ओर्नेलाचा फोटो दाखवला, माझ्या छातीवर बोट ठेवलं, पापा, पापा. तो उजळला! "आआ, ओर्नेला!" मला मिठी मारली. दोन्ही गालांना गाल लावले. म्हटलं, चला, जमलं, आता निघेल. मी वर बोट दाखवलं, चला! त्यानं घड्याळाकडे बोट दाखवलं, अकरा चाळीस. आणि कॉफी प्यायला गेला.

तुम्हाला सांगतो, मी आयुष्यात कोणाची वाट बघितली नाही आणि कोणाला बघायला लावली नाही. ऑफिसात माझी मीटिंग दहाची म्हणजे दहाची, दहा वाजून एक मिनिटाला आला तर दाराबाहेर. पोरं लहान असताना शाळेची बस चुकली तर मी म्हणायचो, बस थांबणार नाही, वेळ तुझ्यासाठी थांबणार नाही, तू वेळेसाठी थांब. हाच अमेय, नऊ वर्षांचा, दप्तर घेऊन रडत उभा असायचा आणि मी हे ऐकवायचो. आणि आता मी मोकळ्या बसमध्ये एकटा बसून वर बघतोय. मनोऱ्यावरचं घड्याळ, तट, तटावर रंगीत कपड्यांतली इवली माणसं हलताना. सगळं, सगळं समोरच तर दिसतंय!

अकरा पंचवीसला अमेयचा फोन. "बाबा, आई आली. लोकांनी तिला हाताला धरून आणलं, सगळं गाव तिच्या पैठणीमागे चालत आलं. तुम्ही कुठे आहात?" म्हटलं, "खाली." "खाली कुठे?" "स्टेशनवर." "म्हणजे अजून निघालाच नाहीत?" म्हटलं, "आलो होतो रे. परत आलो." मग मागून गार्गीचा आवाज, "ऐय्यो पपा! यू टॅप्ड आउट, इज इट?" पोटची पोर ती, तिला कळणारच.

अमेय म्हणाला, "बाबा, आपण थांबू. नगरपालिकेतल्या बाई म्हणतात, सह्या बारा वाजता केल्या तरी चालतील. तुम्ही या. मग सगळं करू."

म्हटलं, "आणि मुहूर्त?"

"जाऊ दे हो मुहूर्त. तुम्ही नसताना कसलं लग्न?"

मला हो म्हणायचं होतं. थांबा रे माझ्यासाठी, एकदा थांबा, असं म्हणायचं होतं. पण तो दप्तरवाला मुलगा डोळ्यासमोर आला. त्याच्यासाठी मी कधी बस थांबवली नाही, आता माझ्यासाठी त्यानं सगळं गाव थांबवायचं? मी म्हटलं, "नाही. अकरा बावन्न म्हणजे अकरा बावन्न. सुरू करा." खोटं कशाला बोलू, रडलो मी त्या बसमध्ये. टिश्यू होतेच सीटवर.

नीतानं फोन घेतला. मला वाटलं आता बोलणार, सगळं बोलणार. ती म्हणाली, "अहो, रडू नका. फोन चालू ठेवा. अंतरपाट तुमच्याकडे आहे ना?" म्हटलं, "हो." म्हणाली, "मग इथे मी नगरपालिकेचा टेबलक्लॉथ घेते. एक टोक गार्गी धरेल, दुसरं हा एक भाऊ आहे ओर्नेलाचा, टॅक्सीवाला आहे म्हणे, तो धरतोय." टॅक्सीवाला! माझा मान त्याला गेला! माझा!

अकरा चाळीसला ब्रूनो आला, सेकंद चुकवला नाही. सिंगापुरात असता तर मी त्याच्या कौतुकाचं पत्र लिहिलं असतं. आणि शेवटच्या क्षणी कोण चढलं? गुडघेवाली आजी! टोमॅटो, पिशवी, गुडघा, सगळं घेऊन. तिच्या मागून दोन म्हातारे. बस निघाली. पहिलं वळण, दुसरं वळण. फोन स्पीकरवर. अकरा पन्नासला पलीकडून नीताचा आवाज आला, मंगलाष्टकं. गुरुजी नाहीत, माईक नाही, नीता एकटी म्हणतेय त्या तटावर उभी राहून, आणि तिचा आवाज ह्या बसमध्ये! ब्रूनोनं स्वतःचा रेडिओ बंद केला. आजीनं मला विचारलं, म्हणजे हातानंच विचारलं, काय चाललंय? मी फोटो दाखवला, वर बोट दाखवलं. ती सगळं समजली. त्या बाईला गुडघा सोडून दुसरंही काही कळत होतं हो!

मग मला काय झालं, मला माहीत नाही. मी सॅक उघडली, अंतरपाट काढला. एक टोक आजीच्या हातात दिलं. दुसरं मी धरलं. बसच्या मधोमध, सीटांच्या वाटेत, आम्ही दोघं अंतरपाट धरून उभे! बस वळली की मी तिच्या अंगावर, पुढच्या वळणाला ती माझ्या अंगावर. ब्रूनोला आरशात मागचं काही दिसेना, तो ओरडतोय, आजी त्याच्यावर ओरडतेय, दोन्ही म्हातारे ब्रूनोवर ओरडतायत, टोमॅटो बसभर फिरतायत. आणि फोनमधून... "सावधान!" आणि टाळ्या, आणि कोणीतरी शिट्टी वाजवली. मी अंतरपाट खाली सोडला. पलीकडे कोण असणार? समोरची काच, काचेतून गाव. अक्षतांची पिशवी फोडली आणि टाकल्या. समोर, वर, जिकडे गाव दिसेल तिकडे. आजीनं हात पुढे केला, तिला मूठभर दिल्या. त्यांच्याकडेही लग्नात तांदूळ उधळतात म्हणे! म्हाताऱ्यांना दिल्या. ब्रूनोच्या टोपीवर अक्षता, पिवळ्या डब्यावर अक्षता. आणि ब्रूनोनं, त्या नियमवाल्या माणसानं, हॉर्नवर जो हात ठेवला तो चार वळणं उचलला नाही! सबंध दरीत तो आवाज घुमला. वरून, फोनमधूनही तो मला ऐकू येत होता, आणि अमेय ओरडत होता, "बाबा, दिसली! बस दिसली! बाबा, मी बघतोय तुम्हाला!"

बारा वाजता बस वेशीपाशी थांबली. नीता उभी होती. मी पायरीवर आलो, आणि देवाशपथ सांगतो, हात उठला. परत उठला, त्या पिवळ्या डब्याकडे! नीतानं तो हात धरला आणि ओढून मला खाली उतरवलं. म्हणाली, "चला. तुमचं लग्न लागलं."

पुढे जेवणं झाली, पाया पडणं झालं, अंतरपाट आता ओर्नेलाच्या कपाटात आहे, सगळं छान झालं. पण अल्बम आला, अडीचशे फोटो. टॅक्सीवाला टेबलक्लॉथ धरून सव्वीस फोटोंत आहे. मोजलेत मी. मुहूर्ताच्या वेळचे फोटो, त्यात मी एकातही नाही. म्हणजे नाही असं मी म्हणत होतो. पण नीतानं त्यातला एक निवडला, मोठा करून घेतला, चौकट केली आणि तिथे लावला. फोटोग्राफरनं म्हणे तो हॉर्न ऐकला आणि कॅमेरा नवरानवरीवरून वळवून खाली दरीत धरला. हां, आता बघा. आता उठा आणि खुशाल बघा. मळे, रस्ता, वळणं... नाही दिसत ना? कोणालाच दिसत नाही. प्रत्येक पाहुणा विचारतो, "पद्माकरराव, सख्ख्या मुलाच्या लग्नात तुम्ही कुठे हो?" आणि आमची ही चहाचा ट्रे तसाच हातात धरून येते, करंगळीनं ते सहावं वळण दाखवते, वळणावरचा तो निळा ठिपका, आणि म्हणते...

ऐका. आली बघा.

"हे काय! समोरच तर दिसतायत!"